स्वतःहून बाद

१९७४ साली आमच्या कॉलेजच्या हिंदुरावनं कबड्डीच्या सामन्यात पंचांना, शिंत्रे मास्तरांना, इतकं मारलं की त्यांचा एक कान कायमचा गेला. कोर्टानं समज देऊन सोडलं. त्याला संघात परत घ्यावं का, यावर आम्हा प्राध्यापकांची बैठक चालू असताना मास्तरच आत आले.

"घ्या त्याला. पण शिट्टी मी वाजवणार."

"दुसरा कान नकोसा झालाय का, मास्तर?" प्राचार्य म्हणाले.

मास्तर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. द्यावी ना पोराला एक संधी?"

मी नुसती मान हलवली. सगळ्यांनी तो होकार धरला.

पहिल्याच सामन्यात चढाई करणाऱ्याचं बोट हिंदुरावला निसटतं लागलं. कुणालाच दिसलं नाही, पण तो हात वर करून स्वतःहून बाद झाला. आम्ही हरलो. मास्तरांचे डोळे भरले. "बघितलंत, बाई? सुधारलं पोरगं!"

मास्तर तेच सांगत सुखानं गेले. हिंदुराव क्रीडाशिक्षक झाला, त्याच्या हाताखालच्या मुलांनी जिल्ह्यात नाव काढलं. माझी विद्यार्थिनी शालन त्याची बायको झाली. एकदा मोडलेला हात गळ्यात बांधून ती माझ्याकडे आली, तेव्हा म्हणाली, "खोटं कधी बोलत नाहीत ते. मारलं तर मारलं म्हणतात." ती माहेरी गेली ती कायमची.

परवा बाजारात हिंदुराव दिसला. भर गर्दीत माझ्या पाया पडला. आशीर्वादासाठी माझा हात उचलला गेला, आणि तसाच वर राहिला.