नव्या वाटेचे परीक्षक

"हे वळण कशाला?" म्हातारा थांबला आणि त्याने काठी जमिनीवर आपटली. "वाट सरळ वर न्यायला तुला काय धाड भरली होती?"

"लक्षात ठेवते, बाबा," लेक म्हणाली आणि त्याचा श्वास खाली बसेपर्यंत थांबली.

वाटाड्यांच्या संघाचा नियम जुना होता. डोंगरावर नवी वाट खुली करायची, तर आधी गावातल्या सगळ्यात अधू पायांच्या माणसाने ती चढून दाखवायची. वेळ कितीही लागो, पण कोणाचा हात धरायचा नाही. हात धरला की वाट नापास आणि पुढच्या हंगामापर्यंत विषय बंद.

ही पूर्वेची वाट लेकीने काढली होती. धारेची वाट या नियमाच्याही आधीची, पट्टीच्या गड्यांची. मधल्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची, आणि एरवीही ती इतक्या वर्षांच्या गर्दीने झिजून निसरडी झालेली. ज्यांचे गुडघे गेले, त्यांनी पायथ्याच्या वाहनतळावरून शिखर बघायचं आणि घरी जायचं. हे तिला मोडायचं होतं. त्यासाठी तिने दगड रचले, झुडपं तोडली आणि सगळ्यांची टिंगल ऐकून घेतली.

अडचण एकच होती. गावातले सगळ्यात अधू पाय आता तिच्या बापाचे होते. मधली वाट तरुणपणी त्यानेच काढलेली. त्या माणसाला हे तोंडावर सांगणार कोण? शेवटी तिने थाप मारली. "अधू पायांचा म्हणून बेकरीवाला येतोय, बाबा. तुम्ही परीक्षक."

म्हातारा लगेच तयार झाला. परीक्षकपण त्या घराण्यातच होतं. मधल्या वाटेची परीक्षक त्याची आई होती, आणि माझ्या शेऱ्याशिवाय ती वाट सुरूच झाली नसती, असं ती शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे.

बेकरीवाला आपलं काम मन लावून करत होता. पायथ्याशी तो उजव्या पायाने लंगडत होता, पहिल्या बाकापासून डाव्याने. लेकीने डोळे वटारले तेव्हा तो पुन्हा उजव्यावर आला. नशीब, म्हातारा नेमका दरीकडे बघत होता.

"आणि बाक? डोंगराची वाट आहे की दवाखान्याचा व्हरांडा?" असं म्हणून म्हातारा त्याच बाकावर बसला आणि वाटेचे दोष सांगू लागला. पुरेसा दम खाऊन झाल्यावरच त्याचे दोष संपले. प्रत्येक बाकावर हेच झालं.

शिखराच्या जरा अलीकडे ओला कातळ होता. बोटं आणि टाचा रोवायला लेकीने त्यात खोबणी खोदल्या होत्या. तिथे म्हाताऱ्याची काठी सटकली आणि एक गुडघा वाकला. लेकीचा हात आपसूक पुढे गेला. त्याने तो धरला, तर सगळी मेहनत पाण्यात जाणार होती. तरी तिने हात मागे घेतला नाही.

म्हाताऱ्याने त्या हाताकडे पाहिलं.

"परीक्षकाला हात देतेस? लोक लाच म्हणतील."

मग त्याने खोबणीत बोटं रोवली, दातओठ खाल्ले आणि स्वतःला वर ओढून घेतलं. लेक खाली जीव मुठीत धरून उभी होती.

मधल्या वाटेने आलेली संघाची माणसं वर वाट बघत होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी दगडावर हिरवा पट्टा ओढला, म्हणजे वाट पास झाली. लेकीला आपल्या वाटेचा अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त बापाचा. आपण त्याला फसवून आणलं, ही टोचणी तेवढी राहिली होती.

"बाबा, एक सांगायचं होतं..."

"आधी माझा शेरा ऐक. माझ्या वाटेपेक्षा तुझी वाट चांगली झालीय." म्हातारा गुडघे चोळत खाली बसला आणि त्याने बेकरीवाल्याकडे नजर टाकली. "तुझ्या आजीलाही मी परीक्षक म्हणूनच वर आणलं होतं. लंगडायला तेव्हा याचा बाप होता. पण तो शेवटपर्यंत एकाच पायाने लंगडला."