सव्वा महिना

"पिशवी काढल्यावर हिला सव्वा महिना घागर उचलायची न्हाय," केशरबाईनं लेकाला बजावलं. "पाणी कोण आणणार, त्ये आधी बोल."

मच्छिंद्र भाकरी कुस्करता कुस्करता थांबला. "आई, अजून ऑपरेशन व्हायचंय."

"हुईल की. पाणी कोण आणणार?"

चांगुणा चुलीपुढं भाकरी थापत होती. बोलणं तिच्याच पोटाचं चाललं होतं, पण तिला कोणी विचारत नव्हतं. बाजारात म्हशीचा सौदा करावा तसे सासू आणि नवरा बोलत होते.

पाझर तलावाच्या कामावर माती वाहताना ती दोनदा भोवळ येऊन पडली होती. कंबर तर अशी धरायची, की म्हशीची धार काढून उठताना भिंतीचा आधार लागायचा. म्हणून गेल्या बाजारी केशरबाईनं तिला कळंबच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं तपासलं, तिला बाहेर बसवलं आणि सासूशीच काय ते बोलला. केशरबाई बाहेर आली ती एक पुडी पदराच्या गाठीत बांधतच. म्हणाली, "पिशवी काढायची. बार्शीला जावं लागंल."

झालं! तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

"पाणी म्या आणीन," मच्छिंद्र कुरकुरला. "पण दूध सोसायटीला पहाटं दूध घालावं लागतं. धार कोण काढंल?"

"तूच. हात मोडलेत का?"

"आन तलावावरची हजेरी? शरणप्पा मुकादम नाव काढून टाकंल."

"टाकू दे. पाऊसच न्हाय तर त्या तलावात भरणार काय, शरणप्पाचं कपाळ?"

"सव्वा महिना लई होतो, आई. बाया आठ दिवसांत उठतात."

केशरबाई भडकलीच. "आन तुझी नसबंदी झाली तवा रं? आणीबाणीत? चिमटीएवढी जखम, तर पंधरा दिवस बाजंवर पडून शिरा हाणलास. हिनंच करून घातला. माझी पिशवी काढली तवा म्या सव्वा महिना बाजंखाली पाय ठिवला न्हवता. इसरलास?"

मच्छिंद्र विसरला नव्हता. बहात्तरचा दुष्काळ होता. बाप आदल्या साली वारलेला. खडी फोडून फोडून आईच्या हाडाची काडं झाली होती. ऑपरेशनला गेली तेव्हा परत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण आली, सव्वा महिना पडून राहिली आणि उठली ती चांगली तरतरीत. तेव्हा पाणी त्यानं आणि चुलत्यानंच भरलं होतं.

"बरं, भरतो," तो म्हणाला. "बार्शीला म्याबी येतो."

"बायांच्या वार्डात गड्याचं काय काम? तू म्हशी बघ. आन एक ध्यानात ठिव, टाका कुणाला दावायचा नसतो. नवऱ्याला तर न्हाईच. नजर लागती, उसवतो."

दुसऱ्या दिवशी सासू एकटी गवसली तशी चांगुणानं धीर केला. "आत्याबाई, लई दुखतं का हो? तुमचा टाका एकदा दावा की."

"लाज न्हाय वाटत तुला? सासूचं पोट बघती!"

"मला भ्या वाटतंय. वरच्या आळीची सिताबाई अशीच गेली आन माघारी आली ती मयतच. माझी लेकरं बारकी हायेत. म्या न्हाय जायची."

"उभं राहायचा तरी दम हाय का अंगात? मग गप ऱ्हा."

चांगुणाला सासूचा असा संताप आला, की समोरची परात भिरकावून द्यावी. पण परात उचलायचंही बळ नव्हतं. ती लेकरांना जवळ घेऊन रडली. केशरबाईनं ते पाहिलं, आणि पाहून गोठ्यात निघून गेली.

जायच्या दिवशी मच्छिंद्रनं दोघींना एस.टी.त बसवलं. गाडी हलली तरी चांगुणा खिडकीतून मागंच बघत होती. लेकरं पुन्हा दिसतील याचा तिला भरवसा नव्हता.

येरमाळ्याला गाडी थांबली तशी केशरबाई उठली. "उतर."

"बार्शी तर अजून लांब हाय."

"उतर म्हणते न्हवं!"

स्टँडच्या मागं पायवाटेनं दोघी एका शेतातल्या घरापाशी आल्या. केशरबाईची थोरली बहीण विठाबाई इथं एकटीच राहायची. आत बाज टाकलेली होती, वर धुतलेली वाकळ.

"आली का गं माय? पड, पड," विठाबाई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

चांगुणा उभीच राहिली. "आत्याबाई, दवाखाना?"

केशरबाईनं पदराची गाठ सोडून पुडी तिच्या हातावर ठेवली. "रगत वाढायच्या गोळ्या हायेत. बाई दमलीया, पडू द्या, म्हणला डाक्टर."

"मग घरी तसंच सांगायचं की!"

"नुसतं दमलीया म्हणून कोण पडू देतंय व्हय?"

"पण तुम्ही तर... तुमची तर काढलीच की!"

केशरबाईनं दार लोटलं. लुगड्याची गाठ सैल केली, चांगुणाचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. चांगुणाचा हात बेंबीपासून खाली गेला, मग या कुशीपासून त्या कुशीपर्यंत. दोन बाळंतपणांच्या जुन्या सुरकुत्या तेवढ्या होत्या. टाका कुठंच नव्हता.