मूठभर हळद

"उकळून? काहून उकळू?" जिजाबाई कंबरेवर हात ठेवून दारातच उभी राहिली. "काचेसारखं पाणी हाय माझं. साऱ्या गल्लीले विचार."

आशाताई मायाच्या हातात जुलाबांवर द्यायच्या जलसंजीवनीची पुडी होती. आत झोळीत आठ महिन्यांची पिंकी मलूल पडली होती. जुलाबांचा चौथा दिवस. सहा महिने आईच्या दुधावर पोर टुणटुणीत होती, वरचं सुरू झालं आणि तिचं पोट वरचेवर बिघडायला लागलं. दात येताहेत, असं जिजाबाई सगळ्यांना सांगायची. पण आता नातीला रडायचंही त्राण नव्हतं, आणि आजीचा जीव टांगणीला लागला होता.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? वाटी-चमचा घासून घासून झिजला होता. नात झाली तसा लकडगंजात हमाली करणाऱ्या अंकुशनं, तिच्या मुलानं, पाणी ओढणारा टिल्लू पंप आणून नळाला जोडला होता. तेव्हापासून घरात ड्रम भरलेले. पंप चालू झाला की बाकीच्या घरांच्या नळांना नुसता वारा यायचा, हे खरं. पण जिजाबाई मनाची कंजूस नव्हती. शेजारच्या प्रेमलताचा तान्हा रजतही आजारी, म्हणून पहिला हंडा तिचा. वर स्वच्छतेचे चार शब्द फुकट.

"पाइप नालीतून येते, काकू," माया म्हणाली. "कुठंतरी फुटली असन. पंप ओढते तवा नालीतलंबी ओढते."

"हातच्या काकणाले आरसा कायले? दाखव मले!"

"मंग मूठभर हळद द्या."

मायानं दारापुढच्या नालीत, पाइप बुडालेला होता तिथं, हळद टाकली. पाण्याची वेळ झालेलीच होती. हंडे घेऊन आलेल्या बाया गोळा झाल्या. जिजाबाईनं स्वतः बटन दाबलं. पंप घुरघुरला आणि धार आली. नितळ.

"पाह्य वं, पाह्य!" जिजाबाई खुशीत आली. तिनं प्रेमलताचा हंडा धारेखाली सरकवला. तो अर्धा भरला.

मग धार पिवळी झाली.

हात दाखवून अवलक्षण झालं होतं, पण जिजाबाईला त्याची लाज वाटायलाही सवड नव्हती. दोन महिने आपण आपल्या हातानं नातीला काय पाजलं, एवढंच तिला दिसत होतं. तिनं धडपडत बटन बंद केलं. पंपाशिवाय नळाला एक थेंब आला. बऱ्याच वेळानं दुसरा. पाणी जायला वीस मिनिटं उरली होती.

प्रेमलतानं पिवळा हंडा नालीत ओतला. पदरानं आतून नीट पुसला आणि पुन्हा नळाखाली आणून ठेवला.

"दाबा ना बटन, काकू," ती खालमानेनं म्हणाली. "आता हळद संपली असन."