शेठचे पैसे आकाशपाळण्यात

आकाशपाळणा खाली यायला लागला आणि सुचेता किंचाळता किंचाळता थांबली. तिकिटाच्या टेबलापाशी काळूरामशेठ उभे होते. शेजारी त्यांची बायको, पुतळाबाई. शेठ थेट तिच्याकडेच बघत होते.

"केदार, शेठ आलेत."

केदारने नवऱ्याच्या नात्याने धीर द्यायचा, तर त्याने आधी गोड्या शेवेचा कागद पाठीमागे लपवला. "आपण काही चोरी केलेली नाही," असं तो त्यानंतर म्हणाला.

चोरी नव्हती, पण देणं होतं. अठरा लाखांचं. दापोड्यातल्या गोदामांचा माल वाहायला केदारने या अंजूरच्या शेठकडून पैसे घेऊन टेम्पो घेतले होते. धंदा बुडाला, टेम्पो विकले, तरी कर्ज उरलंच. आता तो दुसऱ्याच्या गोदामात सुपरवायझर होता, सुचेता भिवंडीत शाळेत शिकवत होती आणि दोघांपैकी मोठा पगार जवळजवळ सगळा दर महिन्याला हप्ता म्हणून अंजूरला जात होता. अजून चार वर्षं जाणार होता.

पाळणा खाली आला तसे शेठ पुढे सरसावले. "काय बाई, मजा चाललीय!"

"हो शेठ, जरा—" म्हणेपर्यंत ती वर गेलीसुद्धा.

वरून कशेळीच्या बाजूची गोदामांची निळी छपरं आणि त्यापलीकडे खाडीचं चकाकतं पाणी दिसत होतं. मघाशी हेच बघून ती टाळ्या पिटत होती. आता तिला शेठचा पांढरा सदरा सोडून काही दिसेना.

पुढच्या फेरीला शेठ ओरडले, "लोकं मना सांगायची, काळूराम, तुजं पैसं पालन्यात फिरतान! मना खरं न्हाय वाटलं. आज डोल्यांनी बगितलं!"

जत्रेतली माणसं वळून बघायला लागली. सुचेताचे कान तापले. पाळणा थांबला तेव्हा वाटलं, आणखी दहा फेऱ्या झाल्या असत्या तर बरं.

"बसा की अजून," शेठ म्हणाले. "तुमच्याकडं पैसा हाय. मग माजा समदा येकदम टाका. न्हाय जमत, तर उद्या घराचं कागद घेऊन या."

दोन खोल्यांचं ते घर, तेवढंच त्यांचं उरलं होतं. केदारचा चेहरा उतरला. एरवी शेठसमोर सुचेता मान खाली घालून उभी राहायची. आज तिला ते जमलं नाही.

"शेठ, धंदा बुडाल्यावर पहिल्या वर्षी आम्ही कधी दिसलो तुम्हाला? जत्रेत, लग्नात, बाजारात?"

"न्हाय."

"कुठे गेलोच नव्हतो. घरात मासळी बंद, कुणाकडे जाणं बंद, हसणं बंद. हे रात्रभर जागे आणि दिवसा कामावर डुलक्या. नोकरी जाता जाता राहिली. त्या वर्षी किती हप्ते चुकले, आठवतंय?"

शेठ बोटं मोजायला लागले. पुतळाबाईंना मात्र आठवत होतं. "तीन," त्या म्हणाल्या.

"मग आम्ही ठरवलं. पगार झाला की आधी तुमचा हप्ता. आणि महिन्यातली एक संध्याकाळ आमची. मागच्या महिन्यात घरून पोहे नेले आणि खाडीवर बसून खाल्ले. या महिन्यात हा पाळणा. असं करायला लागल्यापासून एक तरी हप्ता चुकला?"

"येक पन न्हाय," परत पुतळाबाईच बोलल्या.

"रडत फेडले, तर तुम्हाला चार पैसे जास्त मिळणार आहेत का, शेठ?"

शेठनी उत्तर शोधलं. सापडलं ते फारसं दमदार नव्हतं. "पन लोकं काय बोलतील? डोक्यावर देनं आनि ही पालन्यात?"

"आनि तुमच्या डोक्यावर तर कुनाचंच देनं न्हाय," पुतळाबाई म्हणाल्या. "शेती इकली, बंगला बांधला, गाडी आनली. मना येकदा तरी बसवलात कं पालन्यात?"

आजूबाजूला हशा पिकला. सुचेताला हसू आवरेना, तिने तोंडावर पदर धरला. पुतळाबाईंनी तिचा दंड पकडला.

"चल गो बाई, माज्या बाजूला बस. तिकीट ह्ये काढतील."

"अगं, या वयात?" शेठ म्हणाले, पण तोवर त्या दांडी धरून वर चढल्या होत्या. शेठनी दोन्हीकडे बघितलं आणि मुकाट्याने खिशातून नोट काढली. चार तिकिटं घेतली. केदारजवळ येऊन हळूच म्हणाले, "कागद राहू द्या घरात. हप्ता मातर टायमावर."

"टायमावर, शेठ."

पाळणा फिरायला लागला. पहिल्याच फेरीला पुतळाबाईंनी अशी आरोळी ठोकली की पाळणेवालाही दचकला. दुसऱ्या फेरीला त्यांचा अंबाडा सुटला. "माय गो! माय गो!" करत त्या सुचेताच्या मांडीवर थापा मारत होत्या, आणि सुचेता डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

मागच्या पाळण्यातून मात्र काहीच आवाज येईना. अगदी वर पोचल्यावर सुचेताने मान वळवून बघितलं. शेठनी डोळे गच्च मिटून घेतले होते आणि दोन्ही हातांनी केदारला मिठी मारली होती.

"मना धर रं! सोडू नको! सोडू नको!"

"घाबरू नका शेठ," केदार ओरडला. "अजून चार वर्षं तरी सोडत नाही!"