जड गाडीचे पाटे

डोंगरवाटांसाठी जीप उंच करायची हौस मनमोहनरावांनी सत्तरीत पुरी केली. बायको होती तोवर ती नको म्हणायची. आता नको म्हणायलाही घरात कुणी नव्हतं. भोईवाड्यातल्या धोंडू मेकॅनिकने भंगारात निघालेल्या टेम्पोचे स्प्रिंगचे कमानपाटे स्वस्तात बसवले आणि जीप चार इंच वर आली. पण परळ नाक्यापर्यंतच मनमोहनरावांची हाडं खिळखिळी झाली. ते गाडी घेऊन परत आले. "काका, पाटे जड गाडीचे आहेत," धोंडू म्हणाला. "एकटे बसलात तर आपटणारच. चार माणसं बसवा, मग बघा कशी मऊ चालते." मनमोहनरावांनी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली आणि फोन खिशात ठेवला. पुढच्या बसस्टॉपवर त्यांनी जीप थांबवली. "दादरला कुणी येतंय का?" रांगेतल्या बाईंनी विचारलं, "किती घेणार?" "काही नको. नुसत्या बसा." बाई दोन पावलं मागे सरकल्या.