उलटं जाळं

अनंतबुवांनी आज परत जाळं उलटं लावलं.

अंधेरीच्या त्या चर्चमागच्या हॉलमध्ये पेटी सुरात होती, झांजा ठेक्यात होत्या, आणि बुवा कीर्तनात येशूच्या कोळी शिष्याची, पेत्राची होडी पाण्यात घेऊन गेले होते. खांद्यावरच्या उपरण्याची त्यांनी पिशवी केली. "पाणी समोरून जोरात येतंय," म्हणाले, आणि पिशवीचं तोंड धरलं स्वतःच्या पोटाकडे. पुतळाबाईने कपाळाला हात लावला. तिच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल, जाळ्याचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे हवं. नाहीतर मासळी शिरणार कुठून?

पण बुवा पडले नगरकडचे. चौथा गुरुवार, तीच चूक.

शेजारी तिचा नवरा, तुळशीदास, ओठ घट्ट मिटून बसला होता. सात महिन्यांपूर्वी त्याला लकव्याचा झटका आला. पाय सुधारला, वाचा गेली. एके काळी हा होडीवरून हाळी द्यायचा, तेव्हा धक्क्यावरच्या कोळणी टोपल्या उचलायच्या. इस्पितळातून घरी आल्यावर बायकोला हाक मारायला गेला, तर तोंडातून नुसतं 'बा बा' आलं. दारातल्या बाया हसल्या. त्या दिवसापासून त्याने तोंड उघडलं ते फक्त जेवायला.

चर्चने लकवा झालेल्यांसाठी हा कीर्तनाचा वर्ग काढला होता. कोणीही यावं. "बोलणं अडलं तरी कधीकधी गाणं अडत नाही," असं वर्ग बघणाऱ्या डॉक्टर गंधालीताई म्हणाल्या होत्या. पुतळाबाईने पहिल्या दिवशी भीत भीत विचारलं होतं, "आम्ही एकवीरेची माणसं. चालंल ना?"

बुवा म्हणाले, "नारळ तिकडेच वाहा हो. सूर तेवढा इकडे द्या."

बाकीचे बारा जण अडखळत का होईना, गायचे. तुळशीदास नाही. आज घरून निघतानाच त्याने हाताने सांगितलं होतं, हे शेवटचं.

"टाक पेत्रा, टाक जाळे," बुवांनी धृपद उचललं, "खोल पाण्यात टाक." मंडळी मागून गाऊ लागली. बुवांनी उपरण्याचं तोंड पोटाशी आणखी घट्ट धरलं आणि वर ऐटीत म्हणाले, "असं लावतात बरं का जाळं. वेसाव्याचे कोळीसुद्धा असंच लावतात."

तुळशीदासचा डावा हात मांडीवर आपटला. खुर्ची करकरली. तो उभा राहिला. गळ्याच्या शिरा तटतटल्या. पुतळाबाई त्याला धरायला उठली, आणि त्याच चालीत, त्याच ठेक्यात, होडीवरचा तो जुना आवाज हॉलभर घुमला.

"फिरव बुवा, फिरव जालं, तोंड पान्याला फिरव."

पेटी थांबली नाही. तिने तीच ओळ उचलली. झांजा चढल्या. बाराच्या बारा जण गाऊ लागले, फिरव बुवा, फिरव जालं. ज्यांचा एकच हात चालत होता त्यांनी मांडीवर ठेका धरला. बुवांनी उपरणं गर्रकन फिरवलं, तसा हॉल दणाणला. तुळशीदास सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. मग तो बायकोकडे वळला आणि गातच म्हणाला, "पुतले, गं पुतले."

पुतळाबाईने ओ दिली. तीही चालीतच.

कीर्तन संपल्यावर ती हात जोडून बुवांसमोर उभी राहिली. "बुवा, त्यांचा राग नका धरू. तुम्ही नगरकडचे, तुम्हाला जाल्यातलं काय कळनार."

बुवांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"तेच तर ना, बाई. नेमकं उलटं लागावं म्हणून तीन पहाटे तुमच्या धक्क्यावर उभा राहून सुलटं शिकून आलो."