हस्तांदोलनाची तालीम

"फोटोत डावीकडे आमचे अध्यक्ष. नाहीतर आम्ही निघालो," समोरचा अधिकारी म्हणाला.

"निघा की," बाई म्हणाल्या. "दार डावीकडेच आहे. तुमच्या आवडीचं."

दोन महासत्तांच्या तहावर दुपारी सह्या व्हायच्या होत्या. त्याआधी हस्तांदोलनाची तालीम. तालमीत दोन्ही अध्यक्षांच्या जागी त्यांचे राजशिष्टाचार अधिकारी उभे राहतात, ही रीत; एका देशाकडून बाई, दुसऱ्याकडून हा अधिकारी. फोटोत जो डावीकडे उभा असतो, त्याच्या हाताची पाठ कॅमेऱ्याकडे येते आणि त्याचा हात वरचढ दिसतो. ती जागा दोघांनाही हवी होती. सकाळपासून तिथेच घोडं अडलं होतं.

यजमान देशाच्या छायाचित्रकाराने नाणं उडवायचं सुचवलं.

"नाणं कुणाच्या देशाचं?" दोघांनी एकदम विचारलं. सकाळपासून तेवढंच एकमत झालं.

बाईंचा फोन वाजला. सीमेवरून आई बोलत होती.

"कैद्यांची गाडी फाटकाशी आलीय. आपला धाकटा खिडकीत बसलाय गं. किती वाळलाय! सह्या झाल्या की सोडतो म्हणतात. उरका बाई लवकर, काय ते."

"उरकते, आई."

बाईंनी फोन ठेवला आणि फोटोतल्या उजव्या बाजूच्या खुणेवर जाऊन उभ्या राहिल्या. "घ्या डावी बाजू."

हे देण्याचा त्यांना अधिकार नव्हता. घरी परतल्यावर नोकरी राहणार नव्हती, हेही त्यांना ठाऊक होतं.

अधिकारी जागचा हलला नाही. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं, मागचा पडदा उचलूनही पाहिला.

"सकाळपासून तसूभर सरकला नाहीत, आणि आता आयतं ताट वाढून देताय? आम्ही काय दूधपिती बाळं आहोत?"

कोपऱ्यात जाऊन तो फोनवर कुजबुजला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा कोरा होता.

"आम्हाला उजवी बाजू हवी."

"हवी तर हवी!" बाई झटकन डावीकडे गेल्या, अधिकारी उजव्या खुणेवर आला. "काढा हो फोटो."

"थांबा." दारातून बाईंच्याच अध्यक्षांचे सचिव आत आले. "यांना उजवी का हवी झाली?"

"साहेब, डावी आपल्याला मिळतेय. आपण मागत होतो तीच."

"म्हणूनच विचारतोय. हे लोक फुकट काही देतात का? जा उजवीकडे. आणि तिथून हलायचं नाही."

बाई गेल्या. आता दोघे एकाच खुणेवर, खांद्याला खांदा लावून उभे होते. त्याने कोपराने ढकललं. बाईंनी टाच रोवली. डावीकडची जागा मोकळी होती, आणि सगळा उजेड तिच्यावर पडला होता.

"एकाने तरी समोर या," छायाचित्रकार काकुळतीला आला. "हात मिळवायचा कुणाशी?"

कुणीच हललं नाही. वेळ टळून गेली. शेवटी यजमानांचा निरोप आला: सह्या उद्यावर गेल्या आहेत, कैद्यांची गाडी मागे फिरवली आहे.

बाई त्याच खुणेवर खाली बसल्या.

"आता तरी खरं बोला," अधिकारी वाकून म्हणाला. "डावी सोडण्यात डाव काय होता?"

"त्या गाडीत माझा भाऊ आहे."

ही बाई खरं बोलतेय, हे त्याला कळलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्याने फोन काढला.

"साहेब, त्यांच्या बाईंचा भाऊ आपल्या ताब्यात आहे," तो म्हणाला. "उद्या नुसत्या बाजूवर भागवू नका. आणखी बरंच मागता येईल."